प्यालेबरदाराचा विसर

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४० वा अध्याय व ४१:१-१६

योसेफाची गोष्ट शब्बाथशाळेत शिकविली नाही असे एकही वर्ष जात नाही. झगा, खड्डा, पोटीफराचे घर, बंदिशाळा, आणि शेवटी फारोची अंगठी. मुलांना हे सारे तोंडपाठ असते, आणि म्हणूनच ही गोष्ट शिकविणे कठीण जाते. शेवट ठाऊक असल्यामुळे मधली वर्षे कोणाला जाणवतच नाहीत. योसेफाला स्वप्ने पडली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता (३७:२) आणि तो फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा (४१:४६). मधली तेरा वर्षे आपण चाळीस मिनिटांच्या वर्गात संपवितो.

मागच्या पावसाळ्यात इंदुरातील आमच्या वर्गात हा पाठ चालला होता. ४१ व्या अध्यायाचे पहिले वचन वाचून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, ही दोन वर्षे देवाने ठेवली होती, की त्या माणसाच्या विसरण्याने फुकट गेली?"

ही मुलगी बारावी होऊन नर्सिंगला जाणार होती. लहानपणापासूनचे तिचे तेच स्वप्न. प्रवेश मिळाला होता. पहिल्या फीची रक्कम उसनी देतो असे एका ओळखीच्या गृहस्थांनी कबूल केले होते. ऐन वेळी ते विसरले, की विसरल्यासारखे वागले, कोण जाणे. मुदत टळली आणि वर्ष गेले. हे सारे आम्हांस ठाऊक असूनही आम्ही तिला सवयीचे उत्तर दिले. देवाची वेळ आली नव्हती, असे म्हणालो. तिने मान हलविली आणि पुन्हा काही विचारले नाही.

घरी आल्यावर आम्ही तो अध्याय पुन्हा उघडला. आमचे उत्तर खोटे नव्हते. परंतु ते अर्धे होते, आणि अर्धे उत्तर दुखावलेल्या मुलाला दगडासारखे लागते. शास्त्रात प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहा. ४० व्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात प्यालेबरदारांच्या नायकाला योसेफाची आठवण राहिली नाही, तो त्याला विसरून गेला, असे सरळ सांगितले आहे. देवाने त्याला विसर पाडला असे तेथे म्हटलेले नाही. पुढे दोन वर्षांनी हाच मनुष्य फारोपुढे बोलू लागतो, आणि आरंभच आपले अपराध आज आपल्याला आठवतात या कबुलीने करतो (४१:९). हे वचन आम्ही कितीदा वाचले असेल. पण त्या कबुलीत योसेफाचा विसरही येत असेल, असे आमच्या मनात कधी आले नव्हते. दोन वर्षे योसेफाची गेली. चूक एका माणसाची होती.

दुसरी गोष्ट योसेफाची स्वतःची. तो बंदिशाळेत केवळ वाट पाहत बसलेला नाही. प्यालेबरदाराला तो स्पष्ट सांगतो की माझी आठवण ठेव, फारोजवळ माझे नाव काढ. मला माझ्या देशातून चोरून आणले आहे आणि येथेही मी काही केलेले नाही (४०:१४-१५). खरा विश्वासणारा माणसाजवळ काही मागत नाही, अशी आपल्यांतील काहींची समजूत आहे. योसेफाने मागितले. आणखी एक बारीक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. सकाळी त्या दोघा कैद्यांकडे गेल्यावर त्यांचे चेहरे उतरलेले त्याच्या ध्यानात येतात, आणि तो कारण विचारतो (४०:६-७). ज्याचे स्वतःचे स्वप्न मातीत गेले आहे, त्याला दुसऱ्याचा चेहरा दिसतो. गोष्ट पुढे सरकते ती या एका प्रश्नामुळे.

मिसर देश मुलांना दूरचा वाटतो. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही त्यांना जवळच्या गावाचे उदाहरण दिले. इंदुरापासून महू सुमारे तेवीस किलोमीटर. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथील छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी जे मूल जन्मले, त्याच्या नावाने २००३ पासून त्या गावाला डॉ. आंबेडकर नगर म्हणतात. दरवर्षी चौदा एप्रिलला तिकडे जाणारी गर्दी आमच्या मुलांनी पाहिलेली असते. त्यांना ठाऊक असते ती राज्यघटना आणि निळ्या कोटातील पुतळा. मधली वर्षे येथेही कोणाला ठाऊक नसतात. बाबासाहेब ख्रिस्ती नव्हते, मग शब्बाथशाळेत त्यांचे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या प्रभूने शोमरोन्याचे उदाहरण दिले होते, एवढेच आम्ही म्हणतो.

ती मधली वर्षे अशी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढील वर्षी ते लंडनला आले, आणि अर्थशास्त्राच्या उच्च पदवीसाठी एका संस्थेत व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. अभ्यास नुकताच रंगात आला होता, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली सारे अर्धवट टाकून परत यावे लागले. लंडनच्या विद्यापीठाने एवढीच सवलत दिली की चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल. महायुद्धाचे दिवस होते. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि पुस्तकांच्या पेट्या समुद्राच्या तळाशी गेल्या. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमविली असतील त्यांनाच हे दुःख कळेल.

बडोद्याच्या नोकरीतही टिकता आले नाही. त्याविषयी पुढे लिहू. मुंबईस येऊन शिकवण्या केल्या, किरकोळ उद्योग केले, आणि १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. लंडनची चार वर्षे एकीकडे सरतच होती. पगारातून पैसा बाजूला टाकणे चालू होते. पण याच काळात, १९१९ च्या जानेवारीत, मताधिकाराच्या प्रश्नावर नेमलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या वतीने साक्ष दिली, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. स्वतःचा अभ्यास अडलेला असताना दुसऱ्यांचे उतरलेले चेहरे दिसणे म्हणजे काय, हे आमच्या वर्गातील मोठ्या मुलांना येथे समजावून सांगावे लागले नाही.

१९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. थोडी स्वतःची शिल्लक, थोडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, अशी ती जुळवाजुळव होती. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसावे, अपुरे खावे आणि रात्री पुन्हा वाचावे. रात्रीच्या भुकेवर पापड भाजून खाल्ल्याची हकीकत चरित्रकार सांगतात. १९२१ साली एम. एस्‌सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील मोठा प्रबंध त्याच वर्षी ऑक्टोबरात सादर झाला. आता सारे पार पडले असे वाटले असेल. १९२३ च्या मार्चमध्ये प्रबंध परत आला! परीक्षकांना तो त्या स्वरूपात मान्य नव्हता. पुन्हा लिहून द्या, असा निरोप होता. जवळचे पैसे संपलेले. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध दुरुस्त करून पाठविला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला.

कोलंबियाची गोष्ट याहून लांबलेली. तेथील डॉक्टरेटचा प्रबंध १९१७ साली स्वीकारला गेला होता. पण छापील प्रती दिल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही असा तेथील नियम. छापण्यास पैसे कोठून आणावे? ग्रंथ १९२५ साली छापून निघाला आणि पदवी पदरात पडली ती १९२७ साली. म्हणजे पूर्ण दहा वर्षे. फळ्यावर आम्ही १९१७ व १९२७ हे दोनच आकडे लिहिले, आणि मुलांना मध्ये काय झाले ते भरावयास सांगितले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. एकाच्या स्वप्नाची किंमत बहुधा दुसरेही कोणी मोजीत असते. मुंबईच्या चाळीत रमाबाई होत्या. नवरा परदेशी, घरात टंचाई, आणि एकामागून एक लेकरांचे मृत्यू. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, पदवीच्या आदल्याच वर्षी. चिकाटीचे पाठ शिकविताना आपण नेहमी पदवी मिळविणाऱ्याचे नाव घेतो. आमच्या मंडळीतही अशा कित्येक माता व बहिणी आहेत. त्यांची नावे कोणत्याही प्रमाणपत्रावर नाहीत.

आता बडोद्याची हकीकत. ती बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या त्यांनी १९३५ च्या सुमारास लिहिल्या आणि पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण राहावयास जागा मिळेना. जात कळली की दार बंद. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी गृहस्थ काठ्या घेऊन जिन्यावर आले, आणि संध्याकाळच्या आत खोली सोड असे त्यांनी दरडावून सांगितले.

वाचकहो, इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची आमच्यासाठी आहे. त्या शहरात भीमरावांचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकरचाकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने यापूर्वी त्यांना आपल्याकडे येऊन राहण्याचे आमंत्रण दिले होते आणि त्यांनी ते घेतले नव्हते. म्हणून आता जाण्यास त्यांना संकोच वाटत होता. तरी ते गेले. मित्र म्हणाला, माझी पत्नी उद्या बडोद्यास येत आहे, तिला विचारले पाहिजे. हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण घराण्यातले होते. पतीचे विचार बदलले होते, पत्नीचे सोवळे सुटले नव्हते आणि ती अस्पृश्याला घरात राहू देणार नव्हती, असे भीमरावांना मागाहून कळले. त्या घरातून ते बाहेर पडले तेव्हा चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास कमाठी बागेत बसून काढले, आणि रात्री बडोदे सोडले.

कोलंबियाहून शिकून आलेला मनुष्य बागेत बसला आहे, आणि गावात प्रभूचे नाव घेणाऱ्या माणसाचे घर आहे. त्या एका दारामुळे पुढे अमुक घडले असे आम्ही म्हणत नाही. तो हिशेब आमच्या हाती नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा बाबासाहेबांनी केली, तेव्हा अनेक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिले. १९५६ साली नागपूरला ते बौद्ध झाले. त्यांना आपल्यांतील म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि ते आपल्यांत का आले नाहीत असे विचारण्यापूर्वी बडोद्याचे ते पान वाचून घ्यावे हे बरे.

त्या पत्नीविषयी मात्र एक शब्द सांगितला पाहिजे. हकीकतीत ती बोलत नाही. ती गावात नव्हती. तिला कोणी विचारले की नाही हेही त्यात नाही. उत्तर आधीच देऊन झाले होते, आणि ते तिच्या नावावर. आपल्या भाषेत मंडळी म्हणजे प्रभूची सभा, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे पत्नीही. "मंडळींना विचारून सांगतो" हे वाक्य दोन्ही अर्थांनी आपल्याला फार सोयीचे पडत आले आहे.

हे आम्ही दुसऱ्यावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. इंदुरात राहणाऱ्यांना ठाऊक आहे की लोकसेवा आयोगाचे कार्यालय येथेच असल्यामुळे झाबुआ, अलिराजपूर, धार, खरगोन अशा जिल्ह्यांतून शेकडो मुले-मुली परीक्षांच्या तयारीला येतात. भंवरकुआ भागात संध्याकाळी रस्त्यावर पाऊल ठेवावयास जागा नसते. त्यांतील काही आपल्याच विश्वासातली, आदिवासी मंडळ्यांतली असतात. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा त्याच्या गावच्या पाळकांची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला. आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली आहे. ती तेव्हा रिकामी होती. मुलगा नम्र होता, परीक्षेत एकदा अपयश आले होते आणि ही दुसरी खेप होती. आम्ही त्याला चहा दिला, त्याच्यासाठी प्रार्थनाही केली, आणि म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

घरी आम्ही विचारलेच नाही. चिठ्ठी बायबलात ठेवली होती, ती पुष्कळ दिवसांनी सौभाग्यवतींच्या हाती लागली. "कोण हा? कधी आला होता?" सांगितल्यावर म्हणाल्या, "मला विचारलंत कधी? मी नको म्हटलं असतं का?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही नकार का दिला हे आम्हांस त्या दिवशीही ठाऊक होते. फक्त ते शब्दांत आणावयाचे नव्हते. घरी मराठी आणि देवळात हिंदी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनातही वरचे-खालचे असे पुष्कळ उरलेले असते. त्या मुलाचे पुढे काय झाले ते कळले नाही. पाळकांची बदली झाली होती.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की विलंबाविषयी शिकविताना घाई करू नये. काही विलंब खरोखर देवाच्या हातचे असतात. अब्राहामाला घर बांधावयाचे नव्हते, मूल हवे होते, आणि ते कोणा माणसाने अडविलेले नव्हते. काही विलंब आपल्या स्वतःच्या आळसाचे असतात, त्यांविषयी येथे लिहिण्याची गरज नाही, मुलांचे आईबाप ते रोज सांगतात. आणि काही विलंब दुसऱ्या माणसांनी केलेले असतात. या तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचे नाव देऊ नये. योसेफ शेवटी आपल्या भावांना सांगतो की देवाने यातून बरे योजिले (५०:२०). पण त्याच वचनाच्या आरंभी तो हेही सांगतो की तुम्ही माझे वाईट योजिले होते. तो वाइटाला बरे म्हणत नाही. आणि लक्षात घ्या, हे वाक्य योसेफाने म्हटले आहे, भावांनी नव्हे. ज्याने सोसले त्याच्या तोंडी ते शोभते. ज्याने दार लावले त्याने ते म्हणू नये.

हे आम्ही पुढच्या रविवारी वर्गात कबूल केले. त्या मुलीला सांगितले की मागच्या खेपेला तुला दिलेले उत्तर पुरे नव्हते. ती दोन वर्षे त्या माणसाच्या विसराने गेली, आणि देव त्या दोन वर्षांतही योसेफाबरोबर होता. या दोन्ही गोष्टी शास्त्रात आहेत. ती म्हणाली, "मग त्या काकांना पुन्हा विचारू का?" आम्ही म्हटले, विचार, योसेफाने एकदा विचारले होते, तू दोनदा विचार. आणि ते नाही म्हणाले तर आमच्याकडे ये. मंडळीच्या पंचांपुढेही हा विषय ठेवला आहे; काही रक्कम जमली आहे, काही जमावयाची आहे. प्रवेशाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. वरच्या खोलीविषयी पाळकसाहेबांना कळविले आहे. या वेळी घरी विचारून.

वर्गात चर्चेसाठी मोठ्या मुलांना पुढील प्रश्न देता येतील. योसेफाने बंदिशाळेत कोणकोणती कामे केली, आणि त्यांतील कोणते त्याला पुढे उपयोगी पडले? (३९:२२-२३ पाहावे.) फळ्यावर १९१७ व १९२७ लिहून मधली वर्षे मुलांकडून भरून घ्यावी. प्यालेबरदाराने आपला अपराध फारोपुढे कबूल केला. योसेफाजवळ तो कधी बोलला असेल काय? शास्त्र याविषयी काही सांगत नाही. मुलांना आपापल्या मनाने सांगू द्यावे, आणि शिक्षकाने आपले उत्तर सर्वांत शेवटी द्यावे.